वाचू न देणारी अक्षरं

नामावली चालू असते तेव्हा कथा सुरूच झालेली नसते. खून नाही, संशयित नाही, ज्याची काळजी वाटावी असं कोणी ओळखीचंही झालेलं नाही. तरी हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) लागला की दोन मिनिटांच्या आत छाती धडधडायला लागते. पडद्यावर फक्त पट्ट्या आणि नावं असतात. सिनेमांच्या नामावल्या करणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे ही धडधड येते कुठून हा प्रश्न मला सोडत नाही.

सॉल बासची ती नामावली मी आवाज बंद करूनही पाहते. बर्नार्ड हरमनने निव्वळ तंतुवाद्यांवर रचलेलं संगीत इतकं धारदार आहे की सगळं श्रेय त्यालाच द्यावंसं वाटतं. पण आवाज नसतानाही अस्वस्थता पुरती जात नाही. पट्ट्या कधी आडव्या, कधी उभ्या धावत येतात. नावं त्यांच्याबरोबर येतात आणि त्यांच्याबरोबरच पुसली जातात. शीर्षक तर आडवं कापलेलं आहे. तुकडे जुळतात, शब्द लागतो, आणि डोळा टेकतो न टेकतो तोच पुन्हा फाटतो. वाचता येणाऱ्या माणसाला समोरचं अक्षर वाचल्यावाचून राहवत नाही, आणि बासने नेमकं तेच हेरलं. वाचायची घाई त्याने आपल्या अंगात भरली. हिचकॉकला पुढे तिची भीती करायला फारसे कष्ट पडले नाहीत. शेवटच्या उभ्या पट्ट्या विरतात आणि तिथे फिनिक्स शहराच्या इमारती उभ्या असतात. मग वार, तारीख आणि दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. एवढी नेमकी वेळ कशाला सांगताहेत, या विचाराने आपण सावरून बसतो.

हा प्रकार देवनागरीत करायचा तर अक्षराचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. आपल्या अक्षरांची बरीचशी ओळख शिरोरेषेवर आणि तिच्या वर असते. वरची पट्टी सरकवली की वेलांटी-मात्रा तिच्याबरोबर जातात. ‘की’, ‘को’, ‘कौ’ या तिघांचाही ‘का’ उरतो. शिरोरेषा नको तिथे तुटली तर ‘म’चा ‘भ’ आणि ‘घ’चा ‘ध’ होतो, आणि कोणाचं तरी नाव चुकीचं वाचलं जातं. ते मला चालत नाही. म्हणून मी अक्षर पोटात कापते, रेषेच्या बरंच खाली. शिरोरेषा अखंड ठेवते आणि नाव जाताना तीच आधी ओढून घेते. मग अक्षरं सुटी होऊन एकेक करून ढळतात. हे रोमन लिपीत साधणार नाही.

पण नावांनी कधी बाजूला व्हावं, हेही कळायला हवं. ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’च्या (१९५८) आरंभी एका गाडीत टाइमबॉम्ब ठेवला जातो आणि तीन मिनिटांहून अधिक काळ, एकही कट न घेता, कॅमेरा त्या गाडीच्या आणि रस्त्याने चाललेल्या एका जोडप्याच्या मागे सीमेपर्यंत जातो. युनिव्हर्सल स्टुडिओने या शॉटवर नावं आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत चढवलं. वेल्सने स्टुडिओला ५८ पानांचं टिपण लिहून आपला सिनेमा कसा असावा ते मांडलं, पण तो नीट ऐकला गेला १९९८ मध्ये. तेव्हा वॉल्टर मर्चने नावं काढली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या बारमधले, गाडीच्या रेडिओचे आवाज ठेवले. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहाव्यात. पहिलीत डोळा गाडीवरून उठून अक्षरांकडे जातो आणि तेवढ्यापुरता बॉम्बचा विसर पडतो. मॅन्सिनीचं संगीत मला अतिशय आवडतं, तरीही मी मर्चच्या बाजूने आहे.

‘सेव्हन’मध्ये (१९९५) कायल कूपरने अक्षरं थेट फिल्मवर कोरली, त्यामुळे ती थरथरतात. खुन्याचे हात, त्याच्या वह्या, ब्लेड दिसतं; चेहरा नाही. आणि त्या नामावलीत केव्हिन स्पेसीचं नावच नाही, कारण खुनी तोच आहे. सराईत प्रेक्षक खुनी नामावलीतच हुडकतो: एवढा मोठा नट, अजून कसा आला नाही? हिचकॉकने याच सवयीचा उलटा उपयोग केला. ‘सायको’त नटांच्या यादीत शेवटी, भूमिकेच्या नावासह, मानाने जॅनेट लीचं नाव येतं. निम्मा सिनेमा व्हायच्या आत ती मारली जाईल, असं कोणाच्या मनात येणार?

आपल्याकडे आधी आभारांच्या लांबलचक पाट्या, मग करारात ठरलेला क्रम. निदान रहस्यपटासाठी तरी, करारावर सह्या व्हायच्या आत नामावली करणाऱ्याला बोलवावं. पटकथा वाचून खुनी कोण हे मला ठाऊक झालेलं असतं. त्याचं नाव मी चार-पाच नावांच्या घोळक्यात टाकते, मधोमध, आणि ते कार्ड बाकीच्या कार्डांइतकाच वेळ पडद्यावर ठेवते.