टपावरची अमानत

मे महिन्याची सुट्टी लागली की कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या गाड्या लगेच ओळखू येतात. नंबरप्लेट पाहायची गरज नाही, टपाकडे पाहिले की पुरे. ताडपत्रीखाली गाद्या, बादल्या, मुलांच्या सायकली, कुणाची खुर्ची. आमची गाडीही त्यातलीच. मालवणजवळ अम्मीचे माहेर आहे. वर्षातून एकदा तिथे जाणे ठरलेले, आणि जाताना कुणाचे ना कुणाचे सामान सोबत नेणेही ठरलेले.

आमच्या लहानपणी हे सगळे एस.टी.च्या टपावरून जायचे. हमाल मागच्या शिडीने वर चढायचा, ट्रंका आणि वळकट्या ओढून घ्यायचा, दोरी आवळायचा आणि खाली उतरून हात पुढे करायचा. आम्ही खिडकीजवळची जागा पकडून मोकळे. टपावर काय चालले आहे याची काळजी आम्हांला कधी पडली नाही, कारण ती दुसऱ्या कुणीतरी घेतलेली असायची. आता गाडी आमची, टप आमचा आणि दोरीही आमचीच.

गेल्या वर्षी सामान जरा जास्तच झाले. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मालवणच्या आपल्या बहिणीसाठी शिलाई मशीन दिले. शेजारच्या खालांनी भाचीच्या लग्नासाठी दोन नव्या रजया शिवून दिल्या. गावातल्या पोरांसाठी आम्ही जुन्या क्रिकेट किटची पिशवी घेतली. वरून आमच्या भाच्याचा पॅडल बोर्ड. पाण्यावर उभे राहून वल्हवायची ही फळी चांगली दहा फूट लांब. तारकर्लीला कर्ली नदीच्या खाडीत ती चालवायची, हे त्याने परीक्षेच्या आधीपासून ठरवले होते.

आम्ही सामान आमच्या सोयीने लावले. कपड्यांच्या बॅगा वाटेत लागतील म्हणून डिकीत. मशीन जड, ते कुठे मध्ये आणायचे, म्हणून टपावर. त्याच्या शेजारी बोर्ड, वर किट आणि सगळ्यात वर रजयांचे बोचके. घरात होती ती नायलॉनची दोरी चारदा फिरवून गाठ मारली. सफरची दुआ पढलो आणि निघालो.

राधानगरी, दाजीपूरचे जंगल आणि मग फोंडाघाट. घाटात वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलते आहे असे वाटले, पण घाटच तो, म्हणून सोडून दिले. कणकवलीनंतर चौपदरी महामार्ग लागला आणि वेग वाढला. वर ताडपत्री फडफडू लागली. मुलगी म्हणाली, "अब्बा, वर काहीतरी वाजतंय." कसालला चहाला थांबू तेव्हा पाहू, असे आम्ही म्हणालो.

कसाल यायच्या आधीच बोचके उडाले.

आरशात आम्ही एवढेच पाहिले की मागची मोटारसायकल वेडीवाकडी होत रस्ता सोडून खडीत गेली आणि आडवी झाली. आम्ही गाडी कडेला घेऊन धावलो. एक तरुण उठून उभा राहत होता. त्याच्या पुढ्यात बसलेली चार-पाच वर्षांची मुलगी त्याच्या गळ्याला घट्ट धरून होती. अल्लाहची कृपा, दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. तो आमच्यावर ओरडला नाही. त्याने मुलीच्या गुडघ्यावरची माती झटकली आणि आमच्याकडे फक्त पाहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

आम्ही माफी मागितली, गुडघा धुतला, पट्टी लावली. तो जाईपर्यंत मागून आलेला आंब्याचा टेम्पो थांबला होता. चालकाने टपाकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "मास्तरानू, सामान बांधलात काय नुसता ठेवलात?"

वर्गात आम्ही मुलांना ती हदीस किती वेळा सांगितली असेल! उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला आणि मग तवक्कल करायला सांगितले. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, हेही आम्हीच शिकवतो. आणि त्या दिवशी रस्त्यात त्रासदायक वस्तू टाकणारेही आम्हीच होतो.

त्या भल्या माणसाने सगळे सामान खाली उतरवायला लावले. मशीन डिकीच्या तळाला, अगदी पुढे, मागच्या सीटला टेकवून. कपड्यांच्या बॅगा टपावर. बोर्ड बरोबर मध्यावर, खाली जुन्या चादरीची घडी. त्याच्या टेम्पोतले जाड पट्टे त्याने आम्हांला दिले, पैसे घेतले नाहीत. बोर्ड पुढच्या आणि मागच्या दांडीला स्वतंत्र बांधला. शिवाय त्याच्या पुढच्या टोकाची दोरी गाडीच्या पुढच्या हुकाला आणि मागच्या टोकाची मागच्या हुकाला. मग सामान धरून जोरात हलवले. सामान नाही, अख्खी गाडी हलली. "आता ह्या बांधला," तो म्हणाला.

मालवणला पोहोचल्यावर ही हकिकत मामूंना सांगितली. मामूंची उमर जहाजावर खलाशी म्हणून गेली. ते म्हणाले, जहाज असो की होडी, वजन खाली आणि मध्ये. दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला जेट्टीवर गेलो, तेव्हा हेच डोळ्यांनी पाहिले. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या या किल्ल्यावर आजही होडीनेच जावे लागते. होडीवाला माणसे भरताना सारखा सांगत होता, दोघे इकडे या, मुलांना मध्ये बसवा, उभे राहू नका. मामू हसले. "गाडीपण होडीच आहे. फक्त पाण्याऐवजी वळणं."

खाडीत भाच्याने बोर्ड चालवला, दहा वेळा पडला आणि अकराव्यांदा उभा राहिला. गावच्या पोरांनी किट उघडून संध्याकाळीच सामना लावला. मशीन त्या बहिणीच्या घरी पोहोचले. रजयांचे खोळ फाटले होते, ते आमच्या मामींनी रात्री बसून शिवले.

सुट्टीत आम्ही गाडीची पुस्तिका पहिल्यांदा नीट वाचली. टपावर किती वजन चालते ते तिच्यात लिहिलेले असते. लहान गाड्यांना ही मर्यादा साधारण ५० ते ७५ किलोच्या आसपास असते आणि कॅरिअरचे स्वतःचे वजनही त्यातच धरायचे असते. वाऱ्याचे गणित आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी फोनवर समजावले. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० ने गेलो तर वेग सव्वापट-दीडपट वाटतो, पण वारा सामानाला जवळजवळ पावणेदोनपट जोराने ओढतो. घाटात टिकलेली गाठ महामार्गावर का सुटली, ते तेव्हा कळले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मर्यादेबाहेर पुढे-मागे, बाजूला किंवा उंच आलेल्या सामानाला २०,००० रुपये दंड आहे. पण आम्हांला दंडापेक्षा ते खरचटलेले गुडघे जास्त आठवतात.

आता काही गोष्टी आम्ही ठरवून टाकल्या आहेत. बकल असलेले रुंद पट्टे वापरायचे. ताणणारी रबरी दोरी फक्त ताडपत्रीला, वजनाला नाही. पट्ट्याला एक पीळ दिला की तो वाऱ्यात घूंऽ करून वाजत नाही. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे, कारण सामान बसते आणि पट्टा सैल पडतो. घाटाच्या आधी आणि घाटानंतर पुन्हा तेच. ताडपत्री भिजली की वजन वाढते, हे मेअखेरच्या वळिवात लक्षात ठेवायचे. समुद्रावरून परतल्यावर कॅरिअर गोड्या पाण्याने धुवायचे, नाहीतर खाऱ्या हवेने बोल्ट गंजतात आणि ते गंजलेले बाहेरून दिसत नाहीत. आणि मागच्या सीटवरून कुणी म्हणाले की वर काहीतरी वाजतंय, तर तिथेच थांबायचे.

सगळ्यात अवघड गोष्ट परतीच्या दिवशी पुढे आली. हापूसच्या तीन पेट्या आमच्याकडे आधीच होत्या. आंबा पाव किलोचा धरला तर पाच डझनांच्या पेटीचे पंधरा किलो, तिन्हींचे पंचेचाळीस. वर बोर्ड, वर कॅरिअर. तेवढ्यात शेजारच्या फुफी चौथी पेटी घेऊन आल्या, कोल्हापुरातल्या लेकीसाठी. आपल्या घरांत सामानाला नाही म्हणायची रीत नाही. नाही म्हणणे म्हणजे नाते नाकारणे. आम्ही घाबरत घाबरत म्हणालो, "फुफी, आता जागा नाही." त्यांचा चेहरा उतरला. "इतकी मोठी गाडी, आणि एक पेटी जड झाली?"

मामूंनी काही न बोलता पेटी उघडली. पेंढ्यातून दोन डझन आंबे निवडले, कापडी पिशवीत भरले आणि पिशवी आमच्या मुलीच्या मांडीवर ठेवली. "एवढे मांडीवरून जातील. बाकीचे ट्रान्सपोर्टने पाठवू. फुफी, आंबे पोहोचले पाहिजेत ना? मग ही माणसंपण पोहोचली पाहिजेत, आणि यांच्या मागून येणारीपण."

फुफी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पदराने पिशवीचे तोंड बांधले, स्वतःच्या हाताने गाठ आवळली आणि म्हणाल्या, "जा. अल्लाह हाफिज."

येताना कसालच्या पुढे आम्ही गाडी कडेला घेतली. उतरून चारही पट्टे हाताने ओढून पाहिले. एक किंचित सैल होता. तो आवळला आणि घाटाकडे निघालो.