मूळ प्रत

लग्नामुंजींच्या चित्रफिती पाहताना एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. त्यांत माणसे बोलताना दिसतात, पण ऐकू येत नाहीत. ओठ हलतात, हात हलतात, एखादी म्हातारी मान डोलावून काही सांगत असते आणि त्या सगळ्यावर सिनेमातले गाणे चालू असते. चित्रफीत 'तयार' करून देणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने मांडवातला आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट. तो पुसून त्या जागी गाणे बसविणे हाच त्याच्या कसबाचा भाग, आणि गिऱ्हाइकालाही ते आवडे. झाशीच्या जुन्या शहरातील एका मराठी घरात 1996 साली झालेल्या मुंजीची फीत अशीच तयार होऊन आली. त्या घरातल्या माई, म्हणजे बटूची पणजी, मातृभोजनाच्या वेळी काही तरी म्हणत आहेत. काय म्हणत आहेत ते आता कळण्याचा मार्ग नाही. मूळ कॅसेट दुकानदाराने दुसऱ्या कोणाच्या तरी समारंभासाठी पुन्हा वापरली होती.

माई 2004 साली गेल्या. त्यांचे चिरंजीव, ज्यांना सगळे घर नाना म्हणते, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. 2019 च्या मे महिन्यात त्यांचा भाचा पुण्याहून आला आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून बावीस हाय-एट कॅसेटी खाली उतरल्या. या कॅसेटी सुदैवाने कोणत्याही दुकानात गेलेल्या नव्हत्या. घरच्याच कॅमेऱ्याने, घरच्याच माणसांनी, बहुधा वाईट रीतीने घेतलेल्या. झाशीत मेमध्ये पारा 45 अंशांपलीकडे जातो आणि श्रावणात भिंतींना ओल येते. अशा हवेत चुंबकीय फितीने वीस-पंचवीस वर्षे तग धरावी हेच पुष्कळ झाले. दोन कॅसेटींवर बुरशी धरलेली होती. उरलेल्या चालल्या.

या घराच्या भाषेविषयी थोडे सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात पेशव्यांच्या सुभेदारांमागोमाग जी मराठी कुटुंबे बुंदेलखंडात आली आणि नेवाळकरांच्या राजवटीत स्थिरावली, त्यांपैकी हे एक. 1853 च्या नोव्हेंबरात गंगाधरराव वारले, पुढच्या वर्षी संस्थान खालसा झाले, 1858 मध्ये शहर लुटले गेले. तरी ही घरे तिथेच राहिली. त्यांची मराठी मात्र पुण्यामुंबईच्या मराठीबरोबर वाढली नाही. तिने आपली वेगळी वाट काढली. माईंच्या बोलण्यात कोकणातले 'अगो' होते आणि त्याला लागूनच डाळ 'छौंकणे' आणि कपडे 'सुखवणे' होते. भाच्याच्या मुलींना हे ऐकून हसू येई. भाषेच्या अभ्यासकाला येऊ नये. दोनशे वर्षांचा प्रवास एका वाक्यात सामावणारी ही बोली कोणत्याही ग्रंथात नाही; लिहिताना ही माणसे शाळेतली मराठी लिहीत किंवा सरळ हिंदी. ती होती फक्त बोलण्यात, आणि म्हणून आता फक्त त्या पेटीत.

कॅसेटींतले चित्र संगणकात घ्यावयाचे म्हणजे घाई करून चालत नाही. भाच्याने डिजिटल-एट जातीचा एक जुना कॅमेरा मिळविला होता. तो हाय-एट फीत वाचून तिचे अंकांत रूपांतर करतो आणि फायरवायरच्या तारेने संगणकाकडे पाठवितो. एक तासाची फीत एक तासच घेते. दुकानात नानांना दर वेळी डिस्कच्या वेगाचे आकडे सांगितले गेले, पण या कामात वेगाला फारसे महत्त्व नव्हते; जुन्यातली जुनी डिस्कदेखील फितीच्या चालीपेक्षा कितीतरी चपळ असते. प्रश्न जागेचा होता. या रूपातल्या एका तासाला सुमारे 13 गिगाबाइट लागतात, तेव्हा वीस तासांना 260. म्हणजे एक टेराबाइटची डिस्क पुरून उरणारी. ती संगणकाला जोडल्यावर पडद्यावर 931 हाच आकडा दिसला तेव्हा आपण फसविले गेलो अशी नानांची खात्री झाली. निर्माते हजाराच्या पटीने मोजतात आणि संगणक 1024 च्या पटीने, हे भाच्याने समजावून सांगितले. "म्हणजे वाण्याचा शेर वेगळा आणि आपला वेगळा," नाना म्हणाले.

कोणती डिस्क घ्यावी याची चर्चा दोन दिवस चालली. फिरती तबकडी नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क त्या वेळी तेवढ्याच जागेसाठी बरीच महाग होती. ती पडली तरी सहसा बिघडत नाही, हे खरे. पण वीज न देता उष्ण जागी वर्षानुवर्षे ठेवली तर तिच्यातला विद्युत्भार हळूहळू ओसरतो, आणि हे घर नेमके तसेच वागणार होते. तबकडीच्या डिस्कची नाजूक बाजू निराळी. तिच्या पृष्ठभागावरून वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून तरंगत असते. चालू असताना धक्का लागला की संपले. ती चालू असताना हलवू नये, आणि संगणकाला सांगितल्याशिवाय तार उपटू नये, हे दोन नियम नानांनी कारखान्यातल्या सूचनाफलकासारखे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावले. मोठ्या आकाराच्या, स्वतंत्र विजेवर चालणाऱ्या डिस्का त्यांनी पाहताक्षणीच नाकारल्या. दिवसातून दोनदा वीज जाणाऱ्या घरात लॅपटॉपच्या बॅटरीवर चालणारी लहान डिस्कच बरी, हा त्यांचा हिशेब बिनचूक होता. शेवटी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन लहान डिस्का घेतल्या, एका कंपनीच्या एकाच घाण्यातल्या दोन एकदम बिघडू नयेत म्हणून.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. नव्या डिस्का येण्याआधी भाच्याने आपली एक जुनी डिस्क जोडली होती. तीत तीनशे गिगाबाइट मोकळे असूनही 13 गिगाबाइटची फाईल काही केल्या आत जाईना. ती डिस्क जुन्या फॅट-32 पद्धतीने आखलेली होती, आणि त्या आखणीत एक फाईल 4 गिगाबाइटांहून मोठी असूच शकत नाही. "यार्डात जागा आहे, पण फलाट तोकडा," असा नानांचा निर्वाळा. नव्या डिस्का एक्सफॅट पद्धतीने आखल्या आणि तो प्रश्न मिटला.

खरा वाद चौदाव्या कॅसेटीवरून झाला. दिवाळीच्या आधीचा कुठला तरी दिवस असावा. कोणी तरी कॅमेरा चालूच ठेवून तख्तावर टेकवला आणि विसरून गेले. पुढची 11 मिनिटे चित्रात टेबलाचा एक पाय आणि सतरंजीचा कोपरा. त्यापलीकडे काही नाही. आवाज मात्र स्वच्छ. माई सुनेला स्वयंपाकघरातून काही सांगत आहेत, सून उलट विचारते आहे, मध्येच कोणी तरी दारावर आल्याने माई फडफडीत बुंदेलीत त्याच्याशी बोलतात आणि वळून पुन्हा "अगो" म्हणून मराठीवर येतात.

"नाना, टेबलाच्या पायाला अडीच जीबी?" भाचा म्हणाला. "आवाज तेवढा काढून घेऊ, बाकीचे कापू. आणि सगळेच आटवून छोटे करू म्हणजे मुलींना मोबाईलवर बघता येईल."

"छोटे करायला माझी ना नाही. पण हे आहे तसे राहू दे."

"पण कोण बघणार आहे टेबलाचा पाय?"

नाना काही बोलले नाहीत. उठून त्यांनी मुंजीची ती 'तयार' फीत लावली आणि मातृभोजनाशी आणून थांबवली. माईंचे ओठ हलत होते. वर गाणे चालू होते.

ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना हा वाद अपरिचित नाही, आणि झाशीशी त्याचा जुना संबंध आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1858 च्या वेढ्यात झाशीत होते. शहरातल्या ग्रंथसंग्रहाची झालेली धूळधाण त्यांनीच लिहून ठेवली. ते हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये 'माझा प्रवास' म्हणून प्रसिद्ध केले, पण जसेच्या तसे नव्हे. काही गाळले, काही फिरवले, भाषा सारखी केली. वैद्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वाचकांच्या पिढ्यांनी गोडसे भटजी वाचले ते त्यांच्यामुळेच. परंतु मूळ कागद जपले गेले होते, आणि म्हणूनच 1966 मध्ये दत्तो वामन पोतदारांना भटजींची मूळची बोली वाचकांपुढे ठेवता आली. ते कागद रद्दीत गेले असते, तर वैद्यांनी काय गाळले हा प्रश्न विचारण्याचीही सोय उरली नसती. मोबाईलसाठी आटवलेली प्रत ही वैद्यांची आवृत्ती. ती असावी, नक्कीच असावी. मात्र पहिल्या प्रतीच्या मोबदल्यात नव्हे.

भाच्याने ऐकले. दोन्ही गोष्टी झाल्या. मुलींसाठी मूळच्या सहाव्या हिश्शाएवढ्या फाईली निराळ्या केल्या, आणि मूळ फाईली दोन्ही डिस्कांवर अखंड उतरवल्या. नक्कल बरोबर उतरली की नाही हे पाहण्यासाठी संगणक प्रत्येक फाईलीची एक लांबलचक खूण काढतो. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या की पडताळा झाला. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या लिहीत, बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून, त्याचीच ही नवी तऱ्हा म्हणावयाची. नानांना ही युक्ती फार आवडली. आपल्या वहीत त्यांनी त्या खुणांची शेवटची आठ आठ अक्षरे हाताने उतरवून घेतली.

दुसरी डिस्क भाच्याबरोबर झेलम एक्सप्रेसने पुण्याला गेली. धक्का लागू नये म्हणून नानांनी ती अनारशांच्या डब्यात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिली. एकाच छताखाली दोन्ही प्रती ठेवण्यात शहाणपण नाही. अर्थात् पुणेही अभेद्य नव्हे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती 8 जानेवारी 2003 च्या आगीत तिथेच जळाल्या. पण झाशी आणि पुणे एकाच दिवशी जळण्याचा संभव कमी.

झाशीतली डिस्क नानांच्या कपाटात असते. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती बाहेर निघते, जोडली जाते, दोन-चार फाईली चालवून पाहिल्या जातात. दुसऱ्या दिवशी ती पोथ्यांबरोबर पाटावर बसते, आणि त्या दिवशी सरस्वतीला जोडलेले काही उघडावयाचे नसते. वही मात्र हाताशीच असते, कारण कोणत्या फाईलीत काय आहे हे डिस्क आपण होऊन सांगत नाही. तीत नानांच्या कारखान्यातल्या वळणाच्या अक्षरात बावीस नोंदी आहेत. दोन बुरशीच्या कॅसेटींपुढे केवळ तारीख. बाकीच्यांपुढे कोण कोण दिसते, कोणाचे घर, कोणता सण. चौदावी नोंद अशी:

'टेबलाचा पाय. आईचा आवाज. 11 मिनिटे. कापू नये.'