आई-बाबा आऊट ऑफ स्टेशन!

रिटायरमेंटनंतर नात सांभाळायची की जंगल फिरायचं? चंद्रपूर-गडचिरोलीत रमलेल्या एका जोडप्याचं हे भन्नाट वर्ष.

तुमच्या ऑफिसात असा एखादा असेलच, ज्यानं आई-बाबांच्या रिटायरमेंटचं प्लॅनिंग स्वतःच करून ठेवलंय. पुण्यात टूबीएचके, त्यातली छोटी खोली, सकाळी सोसायटीच्या गार्डनमध्ये दोन राऊंड आणि दिवसभर नातवंडं. माझ्या दादाचाही हाच प्लॅन होता. बाबा मे २०२३ मध्ये रिटायर होत होते आणि वहिनीची मॅटर्निटी लीव्ह ऑक्टोबरमध्ये संपत होती. टायमिंग एकदम परफेक्ट!

"बारशाले येऊ," बाबा फोनवर म्हणाले. "मग एक वर्ष आम्ही फिरून राहिलो."

दादाला वाटलं, केरळ नाहीतर युरोप. "कुठे?"

"इथंच. चंद्रपूर, गडचिरोली."

दादा तीन आठवडे त्यांच्याशी धड बोलला नाही.

आमचं घर ब्रह्मपुरीला. बाबा वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात झेडपीचे गुरुजी. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला, त्याआधी सगळा चंद्रपूरच. चौतीस वर्षांत हा मुलूख त्यांनी भरपूर पाहिला, पण जनगणना, इलेक्शन ड्युटी आणि ट्रेनिंगच्या निमित्तानं. आईच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. "आपल्याकडे वाघ आला की आपण दार लावून घेतो," ती म्हणाली. "लोक पैसे भरून त्यालेच पाहाले येतात. मलेबी एकदा तसं पाहायचंय."

बारसं झालं, आठ दिवस पुण्यात राहिले आणि दोघं परतले. प्रवास एसटीनं. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, त्यामुळे आई अर्ध्यात आणि बाबा पूर्ण! त्यांना सवलतीसाठी पासष्टी गाठायची आहे. पहिला मुक्काम चंद्रपूर. गोंडराजांचा परकोट, जटपुरा आणि पठाणपुरा दरवाजे, राणी हिराईनं बांधलेली बीरशहाची समाधी. आईला समाधीचं अप्रूप वाटलं. नवऱ्यासाठी बायकोनं बांधलेली इतकी देखणी वास्तू तिनं दुसरी पाहिली नव्हती.

मंडई आणि पाळणाघर

दिवाळीत दादा-वहिनी बाळाला घेऊन आले. वातावरण जरा टाईट होतं. पण भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत घरात बसतं कोण? धानाची कापणी, गावोगावी मंडई आणि रात्रभर चालणारं नाटक. वडसा (देसाईगंज) म्हणजे या रंगभूमीचं हेडक्वार्टर, नाटक मंडळ्यांची ऑफिसं तिथंच. इथले कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गावात नाटक आलं की घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात आणि लग्नाळू पोरापोरींच्या गोष्टीही याच गर्दीत निघतात. म्हणजे आमचं गेट-टुगेदर आणि मॅट्रिमोनियल साइट, टू इन वन!

आईच्या माहेरी आम्ही सगळे सतरंजीवर बसलो होतो. स्टेजवर नायिका हंबरडा फोडत होती आणि बाळ आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

"पाळणाघर लावलं," दादा स्टेजकडे बघतच म्हणाला.

"चांगलं आहे का?" बाबांनी विचारलं.

"हो. बाई मायाळू आहे."

बाबांनी चहावाल्या पोराला हाक मारली आणि दोन चहा घेतले. विषय संपला.

अॅनिव्हर्सरी हेमलकशाला

डिसेंबरमध्ये आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस. दादा नागपुरात हॉल बघत होता, तोवर हे दोघं आलापल्लीला पोचलेही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये सागवान गेलं, ते याच पट्ट्यातलं. तिथून साठेक किलोमीटरवर हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेव्हा वीज नसलेल्या जंगलात, झोपडीत राहून माडिया-गोंडांवर उपचार सुरू केले. पुढे दवाखाना आणि आश्रमशाळा उभी राहिली आणि अनाथ प्राण्यांनाही घर मिळालं. २००८ मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आता त्यांची मुलं-सुना काम बघतात.

आईनं रात्री मला फोन केला. "ते दोघं आयुष्यभर एकाच कामात सोबत राह्यले. आम्ही एका घरात राहून चौतीस वर्षं फक्त डबा दिला-घेतला."

मग थांबून म्हणाली, "आज तुझ्या बाबांनी मले विचारलं, तुले लहानपणी काय व्हायचं होतं म्हणून."

तिला नर्स व्हायचं होतं. हे मलाही त्याच रात्री कळलं.

मान वर करून

मार्च २०२४ मध्ये महाशिवरात्रीला मार्कंडा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा इथं उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव शिवमंदिरांचा समूह आहे. बाबा इथं सहली घेऊन अनेकदा आलेले, पण दरवेळी मुलं मोजण्यातच दिवस जायचा. यंदा मोजायला कुणी नव्हतं. मान वर करून त्यांनी एकेक शिल्प पाहिलं.

एप्रिलमध्ये बाळाचा पहिला वाढदिवस, ब्रह्मपुरीच्या अंगणात, कूलर लावून. केकपेक्षा आईचा वडाभातच आधी संपला. आणि मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, ताडोबा. १९५५ मध्ये घोषित झालेलं महाराष्ट्राचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. पाणवठ्यावर वाघीण चार मिनिटं बसली होती. जिप्सीतले सगळे कॅमेऱ्याला चिकटलेले. आई नुसती बघत होती. परतताना म्हणाली, "सुंदर आहे. पण आता तेंदूपत्त्याचे दिवस. बाया जंगलात जातात, त्यायच्यासमोर ही आली तर?" चार मिनिटांच्या सफारीत आम्हाला जे दिसलं नाही, ते तिला दिसलं होतं.

जूनमध्ये दादाच्या मोबाईलवर बाबांचा मेसेज आला: "पावसाळ्यात ताडोबाचा कोअर बंद असतो. तीन महिने पुण्याले येऊन राहिलो. ऑक्टोबरमध्ये परत."

दादानं लगेच दोन तिकिटं काढली. जायचं आणि यायचंही.

जायचंय?

• ताडोबा: कोलारा, मोहर्ली, नवेगाव ही मुख्य गेट. बुकिंग ऑनलाइन. मंगळवारी बंद. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद.
• झाडीपट्टी नाटक: दिवाळीनंतरचे महिने. वडसा स्टेशन गोंदिया-बल्लारशा मार्गावर.
• हेमलकसा: राहायचं असेल तर आधी प्रकल्पाशी बोलून घ्या. हे पिकनिक स्पॉट नाही.
• आई-बाबांना सोबत न्या. किंवा त्यांना एकटं जाऊ द्या!