गाडीचा मेंदू आणि आमची घाई

देवळीत आम्हा दोघा भावांचा संसार एका ट्रकवर चालतो. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणारा मोठा रस्ता गावाला लागूनच आहे. दिवाळीनंतर कापसाच्या गाठी, त्याआधी सोयाबीन, मधल्या दिवसांत सिमेंट नाहीतर लोखंड, जे भाडे मिळेल ते आम्ही भरतो. वडिलांनी ज्या जुन्या गाडीवर आम्हाला शिकवले, तिला डिझेलचा पंप होता, नोझल होते आणि वडिलांचा कान होता. बॉनेटवर हात ठेवून ते सांगत, "तिसरं नोझल टपकतंय." आणि बहुतेक वेळा तेच निघे. असा पंप जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९२७ साली कारखान्यात बनवायला सुरुवात केली. पुढची कितीतरी वर्षे जगभरची डिझेल इंजिने त्याच पद्धतीवर धावली. बिघडला तर खोलता यायचा, डोळ्यांना दिसायचा.

२०२२ साली आम्ही ती गाडी विकली आणि कर्ज काढून २०१८ची जुनी गाडी घेतली. १ एप्रिल २०१७पासून देशभर भारत स्टेज चारचा नियम लागू झाला. धूर कमी करायचा म्हणजे डिझेल अगदी मोजून, नेमक्या क्षणी आत सोडावे लागते. ते काम आता संगणक करतो. मेकॅनिक लोक त्याला ईसीएम म्हणतात. क्रँकजवळचा सेन्सर त्याला पिस्टन कुठे आहे ते कळवतो, दुसरा डिझेलचा दाब कळवतो, तिसरा पाण्याची उष्णता. त्यावरून तो प्रत्येक इंजेक्टर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने उघडतो आणि मिटवतो. हातावर मावेल एवढा ॲल्युमिनियमचा डबा, पण गाडीचा मेंदू तोच.

२०२३च्या पावसाळ्यात हा मेंदू बिघडला. आधी गाडी चालता चालता बंद पडू लागली. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू व्हायची. मग एके सकाळी सेल्फ मारला तर इंजिन नुसते फिरत राहिले, पेटलेच नाही. मेकॅनिकने पाच मिनिटांत निकाल दिला, "ईसीएम गेला. नवा पाऊण लाखाच्या वर जाईल." बँकेचा हप्ता तोंडावर, थोरल्या वहिनींच्या दवाखान्याचा खर्च चालू. घरात त्या रात्री कोणी धड जेवले नाही.

आता आमच्या हातून जे झाले ते सांगतो. गाडीवर आमच्याच वस्तीतला एक तरुण ड्रायव्हर होता. त्याने केबिनमध्ये टेप लावला होता. ट्रकला बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट होतात. टेपसाठी कोणी एकाच बॅटरीतून बारा व्होल्ट घेतले की एक बॅटरी लवकर उतरते, दुसरीवर चार्जिंगचा ताण येतो. एवढे अर्धवट ज्ञान आम्हाला होते. आम्ही चारचौघांत त्याला म्हणालो, "तुझ्या टेपनंच मेंदू जाळला." त्या महिन्याचा पगार अडवून धरला. तो काही बोलला नाही. चावी खिळ्याला अडकवून निघून गेला.

नवा डबा परवडत नव्हता म्हणून भंगारातून बावीस हजारांत एक आणला. रंग तोच, कपलर तेच. बसवला तर गाडी कशीबशी सुरू झाली, धूर ओकू लागली आणि चढावर दमच धरेना. कुणी म्हणाले, युरियाचे सगळे बंद करून देतो, मायलेजही वाढवून देतो. तेवढे मात्र आम्ही ऐकले नाही. ती यंत्रणा धूर कमी करण्यासाठीच आहे, ती काढणे कायद्यात बसत नाही.

रविवारी थोरल्याची मुलगी आली. तिने वर्ध्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केला आहे. आता बुटीबोरीला एका कारखान्यात कामाला आहे. तिने पहिलाच प्रश्न केला, "काका, डबा गेला हे मोजलं कोणी?"

कोणीच मोजले नव्हते. तिने भंगारातला डबा काढून आमचा जुना पुन्हा लावला आणि पर्समधून मीटर काढले. आधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एक १२.६, दुसरी १२.५. "टेपचा दोष असता तर एक खाली दिसली असती." टेपची वायर शोधत गेली तर ती चोवीसाचे बारा करणाऱ्या छोट्या कन्व्हर्टरवरून घेतलेली निघाली. पोराने काम नीट केले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

मग तिने ईसीएमच्या कपलरमध्ये येणारा करंट तपासला. नुसत्या मीटरवर भागवले नाही, हेडलाइटचा बल्ब लावून पाहिला. मीटरला चोवीस व्होल्ट दिसतात, पण वायर आतून कुजलेली असली तर भार पडताच तेच व्होल्ट कोसळतात, असे ती म्हणाली. बल्ब मंद पेटला. चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडली होती. घासून, आवळून पुन्हा लावली तेव्हा बल्ब लख्ख पेटला. गाडी तरी सुरू होईना. ईसीएम सेन्सरांना पाच व्होल्ट पुरवतो. ते येतच नव्हते. एखादा सेन्सर शॉर्ट असला तरी ते दबतात आणि चांगला मेंदू मेलेला वाटतो, म्हणून तिने एकेक सेन्सर सोडवत नेला. सगळे सुटले तरी काटा शून्यावरच. तेव्हा ती म्हणाली, "आता म्हणू शकतो की डबा गेला."

"पण कशानं गेला?" आम्ही विचारले.

"बंद पडायच्या आधी गाडीला काय काम केलं होतं?"

फाळका तुटला होता. रस्त्यावरच्या दुकानात वेल्डिंग करून घेतले होते. आम्ही दोघे तिथेच उभे होतो. वेल्डरने अर्थचा चिमटा पुढे बंपरला लावला होता आणि काम मागे चालले होते. बॅटरी जोडलेलीच. वेल्डिंगचा करंट परतायला जी वाट मिळेल ती धरतो, संपूर्ण चेसिसमधून, नाजूक मेंदूतूनही. आणि वाचकहो, आमच्या घशाला कोरड पडली ती वेगळ्याच आठवणीने. ड्रायव्हरने तेव्हा विचारले होते, "बॅटरी काढू का?" आम्हीच म्हणालो होतो, "दहा मिनिटांचं काम आहे, राहू दे."

नागपूरला एका जाणकाराने डबा उघडला. करंट आत येतो तिथला भाग काळा पडला होता. मग त्याच नंबरचा ईसीएम बिल घेऊन आणला. नंबर जुळणे एवढ्याने भागत नाही. आतला प्रोग्राम त्याच इंजिनचा लागतो, चेसिस नंबर नोंदवावा लागतो. प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. कोणता किती डिझेल सोडतो त्यातला बारीक फरक त्यात असतो, म्हणून ते कोड सिलिंडरच्या क्रमाने नव्या मेंदूत भरावे लागतात. भंगारातल्या डब्यात दुसऱ्याच कोणत्या गाडीचे हिशेब होते, तो धूर ओकणारच. स्कॅनर लावून हे सगळे भरले आणि गाडी पहिल्या सेल्फला उठली.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. वेल्डिंगपूर्वी चावी बंद करून थोडा वेळ थांबा. युरियाची टाकी असलेल्या गाडीत पंपाला नळ्या रिकाम्या करायला तेवढा वेळ लागतो. मग बॅटरी सोडवा, ईसीएमचे कपलर काढा, अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा. डबा बदलण्याआधी करंट, अर्थिंग आणि सेन्सर तपासून घ्या. आणि जुना डबा कशाने गेला ते शोधल्याशिवाय नवा लावू नका, नाहीतर तोही जाईल.

त्या संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ ड्रायव्हरच्या घरी गेलो. अडवलेला पगार त्याच्या आईच्या हातात ठेवला. चारचौघांत बोललो होतो, म्हणून माफीही अंगणातच, शेजारी ऐकतील अशा आवाजात मागितली. तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "मी विचारलं होतं, काका." याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्या आईने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. केबिनमध्ये स्टिअरिंगच्या वरती त्याने पांढऱ्या रंगाने चार शब्द लिहून घेतले आहेत, "वेल्डिंगआधी बॅटरी सोडवणे. विचारणे." शेवटचा शब्द आमच्यासाठी आहे, हे आम्हाला कळते.