डीटीपीवाल्या काकांचं देणं

मी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या आज कुणालाही वाचता येतात, त्या सांगलीच्या गावभागातल्या डीटीपीवाल्या काकांमुळे. मिरज आणि वाळवा तालुक्यांतल्या म्हाताऱ्या बायकांनी त्या मला सांगितल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी आता नाहीत. पुन्हा जाऊन विचारायची सोय उरलेली नाही.

काकांनी 2005 चा पूर पाहिलेला. "बाई, पेनड्राइव्हवर भागायचं नाही," म्हणत त्यांनी मला गूगल ड्राइव्हचं खातं काढून दिलं. 15 जीबी जागा फुकट, त्याहून जास्त हवी तर भाडं भरायचं. फाइल कंपनीच्या दूरच्या डेटा सेंटरमध्ये राहते, तिच्या प्रती एकाहून जास्त ठिकाणी असतात, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं.

खरं कष्टाचं काम पुढंच होतं. मजकूर श्रीलिपीत होता. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर काही वाचताच यायचं नाही. काकांनी सगळं युनिकोडमध्ये आणलं. कन्व्हर्टरमधून निघताना रफार जागा सोडायचे, जोडाक्षरं फुटायची. दुकानाचं शटर ओढून ते एकेक ओवी हातानं दुरुस्त करत बसायचे. टायपिंगचे पैसे घेतले, या कामाचे कधीच नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. काकांचा सीपीयू, प्रिंटर, कागदाची रिमं चिखलात गेली, माझ्या वह्याही गेल्या. मी पुण्याला लेकीकडे होते. तिच्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला आणि गावांच्या नावांचे फोल्डर समोर आले. रफारसुद्धा जागच्या जागी होते.

पाणी उतरल्यावर काकांनी एक जुना कॉम्प्युटर आणला, आपलं ड्राइव्ह उघडलं आणि गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिका, बिलबुकं होती तिथून पुढं सुरू केली. माझ्या पुस्तकाची मुद्रितं आम्ही एकाच फाइलमध्ये तपासली. पुण्यात मी शब्द बदलला की सांगलीत त्यांच्या पडद्यावर तो लगेच बदलायचा. तंत्र मोठ्या कंपनीचं खरं, ते माझ्या दारापर्यंत आणलं काकांनी.

तुमच्या घरी अशा वह्या, पत्रं, आवाजाच्या कॅसेटी असतील तर दिवाळीची वाट पाहू नका, याच आठवड्यात ड्राइव्हवर चढवा. खात्याला चालू मोबाइल नंबर जोडा, पासवर्ड घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. आणि खातं अधूनमधून उघडत राहा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल मिटवू शकतं.