हलक्या आवाजातला दरारा

मराठी पडद्यावरच्या पाटलाला, सरपंचाला आणि साखर कारखान्याच्या चेअरमनला निळू फुले यांनी जो चेहरा दिला, तो अंतरवाली सराटीसारख्या गावांना कधी परका वाटला नाही. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले हे गाव. या पट्ट्यात कुठे जायकवाडीच्या कालव्याचे पाणी आणि उसाचे फड, तर कुठे आभाळाकडे डोळे लावून बसलेली कोरडवाहू शेती. जवळच अंकुशनगरचा सहकारी साखर कारखाना. २०२३ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे गावाचे नाव सगळीकडे झाले. पण सत्तेची गाडी शिवारात शिरली की पारावरचे बोलणे कसे तुटते, हे मराठवाड्यातल्या गावांना फार आधीपासून ठाऊक होते. जत्रेतल्या तंबूत, फडफडत्या पडद्यावर निळूभाऊ दिसत तेव्हा गावकऱ्यांना ओळखीचा माणूस दिसे.

या दराऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस मात्र पुण्याच्या साध्या कष्टकरी घरातला, राष्ट्र सेवा दलाचा. लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्यांनी माळीकाम केले. सेवा दलाच्या कलापथकात ते नाचले, गायले, बतावणी करायला शिकले. १९५७ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला त्यांचा रोंगे लोकांच्या लक्षात राहिला. पुढे शंकर पाटलांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे वगनाट्य गाजले आणि निळूभाऊ गावोगावच्या प्रेक्षकांचे झाले.

त्यांच्या अभिनयाचे मूळ या वगनाट्यातच शोधावे लागते. वगात संहितेपेक्षा हजरजबाबीपणा मोठा. समोरच्या गर्दीतून आलेला शब्द झेलायचा, क्षणभर थांबायचे आणि नेमक्या ठेक्यावर परतवायचा. या थांबण्यावर निळूभाऊंची हुकमत होती. १९६८ मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ने त्यांना चित्रपटात आणले, तेव्हा त्यांचा झेलेअण्णा ही हुकमत सोबत घेऊनच आला. कॅमेऱ्यापुढे मात्र त्यांनी वगातला मोकळा हातवारा आवरला आणि आवाज आणखी खाली नेला. त्याआधीचा खलनायक डोळे वटारून, मोठ्याने हसून भीती घालत असे. निळूभाऊ जवळ येऊन, आपुलकीच्या सुरात, घोगऱ्या आवाजात बोलत. धोतराचा सोगा सावरताना, खुर्चीत रेलताना, मान किंचित कलती करताना या माणसाला घाई नाही आणि घाई करण्याची गरजही नाही, हे कळत असे. खरा दरारा असाच असतो, तो आवाज चढवत नाही. ही जाण मराठी चित्रपटाला त्यांच्याइतकी नेमकी दुसऱ्या कुणी दिली नसावी.

रंगभूमीवर याच सुमारास, १९७२ मध्ये, विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग; चंपा झाल्या लालन सारंग आणि सखाराम निळू फुले. नाटकावर वादळ उठले, परीक्षण मंडळाशी झगडा झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. या गदारोळात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले. उघडा-नागडा, शिवराळ, बाईला वापरणारा सखाराम स्वतःविषयी खोटे बोलत नाही. निळूभाऊंनी त्याचा हा रांगडा खरेपणा आणि त्याखालची भीती एकाच देहात वागवली. वगनाट्याचा नट म्हणून त्यांना बाजूला ठेवणाऱ्या पांढरपेशा प्रेक्षकालाही मग त्यांची उंची मान्य करावी लागली.

‘सामना’ हा चित्रपट आला १९७५ च्या सुमारास. पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. हिंदूराव धोंडे पाटील हा सहकारातून उभा राहिलेला सम्राट. आणि त्याच्या दारी आलेला दारूडा, मोडलेला मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मारुती कांबळे या बेपत्ता माणसाबद्दलचा एक प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारत राहतो आणि हिंदूरावाचे साम्राज्य त्या प्रश्नाने आतून पोखरत जाते. मास्तराला वाचवून घरात घेणारा हिंदूराव निळूभाऊंनी निव्वळ दुष्ट केला नाही. त्याचे आतिथ्य खरे, त्याचा उत्साह खरा, पंचक्रोशी आपण उभी केली हा अभिमानही खरा. म्हणूनच त्याचा अपराध अधिक अस्वस्थ करतो. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला, पण त्याचे सर्वांत जाणते प्रेक्षक उसाच्या पट्ट्यातच होते.

मग त्यांनी बाजू बदलून दाखवली. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकात ते सत्तेला जाब विचारणारे वृद्ध गांधीवादी अप्पाजी झाले. १९७९ च्या ‘सिंहासन’ चित्रपटात ते पत्रकार दिगू टिपणीस होते: सगळे पाहणारा, सगळे कळणारा आणि काहीच थांबवू न शकणारा. ज्याने सत्ता आतून रंगवली होती, त्यानेच तिच्या साक्षीदाराची हतबलता दाखवली.

हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’ असे चित्रपट त्यांनी केले, परंतु तिथे त्यांना पुरती जागा मिळाली नाही. मराठीतही पाटलाच्या त्याच त्या भूमिका पुष्कळ वाट्याला आल्या आणि खेड्यातल्या बाया त्यांना खरोखरचा दुष्ट समजत. प्रत्यक्षात ते अंधश्रद्धेविरुद्धच्या आणि कार्यकर्त्यांना आधार देणाऱ्या सामाजिक कृतज्ञता निधीसारख्या कामांत रमणारे, मितभाषी, वाचनवेडे गृहस्थ होते. निधीसाठी डॉ. लागूंसह अनेक नामवंत ‘लग्नाची बेडी’ नाटकात उतरले, त्यांत तेही होते. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला.

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अखेरच्या चित्रपटांत ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा नागेश भोसले दिग्दर्शित चित्रपट येतो. विषय कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा, आणि त्यात निळूभाऊंसोबत मराठवाड्याची बोली मराठी पडद्यावर रुजवणारे मकरंद अनासपुरे.