वल्ली

'द कार्ड' (१९५२) हा जुना ब्रिटिश विनोदी सिनेमा परवा पुन्हा बघितला. दिग्दर्शक रोनाल्ड नीम, मूळ कादंबरी अर्नोल्ड बेनेटची, १९११ सालची. इंग्रजीत 'कार्ड' म्हणजे आपल्याकडची 'वल्ली'!

ही वल्ली म्हणजे डेन्री. चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या एका धुरकट इंग्लिश गावातल्या धोबिणीचा मुलगा. काम केलंय ॲलेक गिनेसने (हो, 'स्टार वॉर्स'मधला ओबी-वान). शाळेत प्रवेश मिळावा म्हणून पठ्ठ्या स्वतःचे मार्क स्वतःच वाढवून ठेवतो. पुढे वकिलाकडे कारकून असताना काउंटेसच्या नाचाची आमंत्रणं लिहायचं काम येतं, तर यादीत आपलंही नाव घुसवतो. शिवाय शिंप्याचं आणि नाच शिकवणाऱ्या बाईंचंही. म्हणजे सूट आणि शिकवणी दोन्ही फुकट. :-)

मला सगळ्यात आवडतो तो त्याचा 'थ्रिफ्ट क्लब'. सभासदांनी हप्त्याने पैसे भरायचे, निम्मी रक्कम जमली की ठरलेल्या दुकानांतून पूर्ण रकमेची खरेदी करायची आणि उरलेले हप्ते नंतर फेडायचे. दुकानदाराला गिऱ्हाईक मिळतं, डेन्रीला कमिशन. आपली भिशी आणि उधारी एकत्र केल्यासारखं. आज कोणी यावर ॲप काढलं तर गुंतवणूकदार रांग लावतील.

आता प्रेमाचं. नाच शिकवणारी रूथ (ग्लिनिस जॉन्स) डेन्रीच्या पैशावर डोळा ठेवून असते. साधीसरळ नेली (पेट्युला क्लार्क) त्याच्यावर मनापासून प्रेम करते. शेवटी डेन्री कोणाचा होणार हे सांगायला नकोच.

पण या वेळी मला रूथचं वाईट वाटलं. नीट बघितलं तर ती डेन्रीचीच स्त्री आवृत्ती आहे. तीच हुशारी, तीच खटपट, गरिबीतून वर यायची तीच घाई. फरक एवढाच, की त्याच्यापुढे कचेरी, धंदा, फुटबॉल क्लब, थेट महापौरपद अशा दहा वाटा मोकळ्या. त्या काळच्या तिच्यासारखीला वर जायची वाट मुख्यतः एकच, श्रीमंत नवरा. तो मार्क बदलतो तर आपण हसतो, ती नवरा शोधते तर लोभी ठरते. सिनेमाही तिच्याकडे फारशा मायेने बघत नाही. पण ग्लिनिस जॉन्सने तो घोगरा आवाज आणि मिश्कील डोळे यांच्या जोरावर रूथला अशी काही उभी केलीय, की खलनायिका म्हणवत नाही.

असो. दीड तासाचा सिनेमा आहे, कंटाळा अजिबात येत नाही. जमलं तर जरूर बघा. डेन्रीवर हसून घ्याच, पण बघताना थोडं लक्ष रूथकडेही असू द्या.